दोन श्रावण पाळणारे माझे मामेसासरे

पाण्याला न भिणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण ज्याला पाणीच भितं असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मी स्वतः विम्याच्या धंद्यात आहे. म्हणजे दुसऱ्यांना भीती दाखवणं हे माझं पोटापाण्याचं साधन. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, आम्ही सगळे एजंट मिळून वर्षभरात जेवढी भीती वाटू शकत नाही, तेवढी हे गृहस्थ आषाढातल्या एका सकाळी उज्जैनमधल्या फ्रीगंज भागातल्या आमच्या गल्लीतून दूध घेऊन परत येईपर्यंत वाटून टाकतात. आणि तीही बिनहप्त्याची.

मामा रेल्वेत गार्ड होते. रेल्वेनं त्यांना वेळेवर निवृत्त केलं, पण मामांनी रेल्वेला काही अजून निवृत्त केलेलं नाही. गळ्यात शिट्टी, दाराआडच्या खुंटीला झेंड्या, आणि बोलणं असं की स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात यायलाही त्यांना सिग्नल लागावा. त्यांच्या लेखी पावसाळा म्हणजे मृगाला सुटणारी एक लांबच लांब, ब्रेक नसलेली गाडी, आणि आपल्या गल्लीतलं प्रत्येक माणूस तिच्यातून धडधाकट दसऱ्याच्या स्टेशनावर उतरलं पाहिजे, ही जबाबदारी वरून कुणीतरी त्यांच्यावरच टाकलेली आहे. कुणी टाकली ते विचारायची सोय नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जावईबापू, गार्डाला कुणी सांगावं लागत नाही. गाडी आहे म्हणजे गार्ड आहे."

त्यांची मोहीम सुरू होते कूलरांपासून. आमच्या उज्जैनमध्ये माणूस एक वेळ बिनखिडकीचं घर घेईल, पण बिनकूलरचं घेणार नाही. चार महिने तो पत्र्याचा डबा खिडकीत घरघरत असतो, आणि पाऊस लागला की आपण त्याचं बटण बंद करून त्याला विसरतो. त्याच्या पोटातलं पाणी मात्र तसंच राहतं. मामा विसरत नाहीत. ते सकाळी छत्री काखोटीला मारून निघतात आणि घराघरांतले कूलर रिकामे करत सुटतात. समोरच्या आंटींना एकदा म्हणाले, "आंटीजी, कूलर में ये क्या पाल रखा है?" आंटी घाबरून म्हणाल्या, "क्या है भाईसाब?" "मच्छर. पूरा खानदान है. अब इनके भी आधार कार्ड बनवा लो." माझ्याकडे आले तेव्हा मी छाती काढून सांगितलं, "मामा, आमचा कूलर मी स्वतः कोरडा केलाय. बोट लावून बघा." मामांनी बोट लावलं नाही. त्यांनी तो नुसता कलंडवला. मग इतकं पाणी आणि त्यात वळवळणारी इतकी बाळं माझ्या पायजम्यावर आली की बायको आतून धावत येऊन म्हणाली, "अगंबाई, हे तर लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं दिसतंय!" त्या दिवसापासून गल्लीत माझ्या शब्दाची जी किंमत उतरली ती अजून वर आलेली नाही.

पाणी उकळणं हा त्यांच्या घरातला नित्याचा होम. त्यांना नुसती उकळी पुरत नाही. उकळी फुटून ती खळखळून स्थिरावली पाहिजे, मग झाकण, मग थंड होणं, मग गाळणं, मग तांब्याच्या हंड्यात विसावणं. मामी म्हणतात, "चहाची पत्ती टाकायच्या आधी तुमचे मामा पाण्याकडून शपथ घेतात." लग्नकार्यात मामा आपला थर्मास घेऊन येतात. वाढपी पाण्याचा जग घेऊन आला की ते पंगतीतल्या पेल्यावर पालथा पंजा ठेवतात, आणि नुसत्या भुवईनं शेजारच्या चौघांनाही ठेवायला लावतात. परिणामी आमच्याकडच्या पावसाळी लग्नांत मामांच्या रांगेतले लोक श्रीखंड-पुरी कोरडीच गिळतात. चिरून ठेवलेली फळं, उघड्यावरचा आमरस, पालेभाज्या हे सगळं त्यांच्याकडे आडमार्गावर उभं करून ठेवलेलं असतं. बाहेरून आलात की पाय धुवायचे, आणि नुसते धुवायचे नाहीत, तर बोटांच्या मधल्या जागा पुसायच्या. ते पुसणं ते स्वतः उभे राहून बघतात. इतक्या मोठ्या वयात आपल्या पायांची करंगळी कुणाला तपासायला देताना जे वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे, कारण आत विंचू असू शकतो. माझ्या बुटात विंचू कधी निघाला नाही, पण एकदा हरवलेला कंगवा निघाला, आणि मामा म्हणाले, "बघा. काहीतरी असतंच."

विजेच्या खांबांशी तर त्यांचं उघड वैर. पावसात ते खांबापासून इतकं लांबून चालतात की रस्त्याच्या बरोबर मधोमध येतात, आणि मागे गाड्यांची रांग लागून भोंगे सुरू होतात. मामा वळून शांतपणे म्हणतात, "बजाव बेटा, बजाव. जिंदा हो इसलिए बजा रहे हो." एकदा टावर चौकात चपलेत खडा गेला म्हणून मी सहज ओल्या खांबाला हात टेकायला गेलो, आणि पाठीमागून अशी शिट्टी वाजली की मी खांबाऐवजी थेट डबक्यात बसलो. पुष्कळ लोक जमले. एक जण म्हणाला, "करंट लगा क्या?" मामा म्हणाले, "नहीं. बच गए." मी कमरेपर्यंत चिखलात, आणि म्हणे बचावलो!

पण या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांचे दोन श्रावण. बाहेरच्या वाचकांना हे थोडं समजावून सांगावं लागेल. आमच्या माळव्यात हिंदी मंडळींचा सावन गुरुपौर्णिमा उलटली की लागतो आणि राखीला संपतो. आम्हा मराठी घरांचा श्रावण मात्र दिव्याची अवस झाली की सुरू होतो आणि पोळ्यापर्यंत चालतो. म्हणजे दोघांची गाठ पडते ती फक्त मधल्या पंधरवड्यात. आता हा फरक शहाण्या माणसाला केवढी मोठी पळवाट देतो बघा. पहिल्या पंधरवड्यात दोस्तांनी टोकलं, की मी म्हणतो, "यार, हमारा श्रावण अभी लगा कहाँ है?" शेवटच्या पंधरवड्यात बायकोनं टोकलं, की म्हणतो, "अगं, संपला ना सावन, राखी होऊन गेली!" आणि मधल्या पंधरवड्यात मला नेमकं ऑफिसच्या कामानं इंदूरला जावं लागतं. अशा रीतीनं मी दोन श्रावणांच्या गावात राहून बिनश्रावणाचा माणूस झालो होतो.

मामांनी याच फरकाचं उलटं टोक पकडलं. ते दोन्ही पाळतात, सलग, गुरुपौर्णिमेपासून पोळ्यापर्यंत. बाहेरचं खाणं नाही, रात्री जड नाही, गर्दीत जाणं नाही. "जंतू काय पंचांग बघून येतात?" हा त्यांचा सवाल. त्याचं उत्तर मला गेल्या वर्षी मिळालं. माझा श्रावण लागलेला नसताना मी टावर चौकात भर पावसात कचोरीवर कचोरी चढवली, वर हिरव्या पाण्याचे पानीपताशे, म्हणजे तुमची पाणीपुरी, आणि दुसऱ्या दिवशी माझी जी अवस्था झाली तिचं वर्णन साहित्यात बसत नाही. दिवसभर मी घरातल्या एकाच दाराकडे ये-जा करत होतो. संध्याकाळी डोळे आत गेले तेव्हा बायकोनं मामांना फोन केला. मामा थर्मास घेऊन आले, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत माझ्या उशाशी बसले, मधूनच हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून अंगात किती पाणी उरलंय ते बघत. शेवटी रिक्षा बोलावून मला डॉक्टरकडे नेलं, सलाइन लागेपर्यंत हलले नाहीत. या सगळ्या काळात एका शब्दानं बोलले नाहीत. मी बरा झाल्यावर फक्त एवढंच विचारलं, "जावईबापू, कचोरी कोणत्या पंचांगाची होती?"

या घरात मामींचं कसं निभलं हे कोडं आहे. मामी ग्वाल्हेरकडच्या, हसऱ्या, बोलण्यात अर्धी हिंदी, आणि मनातून चटकमटक खाण्याच्या पक्क्या चटोऱ्या. लग्न होऊन उज्जैनला आल्या तेव्हापासून त्यांची एकच इच्छा होती. श्रावणातल्या सोमवारी महाकालाची पालखी निघते, ती सवारी रस्त्यावर उभं राहून एकदा डोळ्यांनी पाहायची. सारा देश त्यासाठी आमच्या गावात येतो, आणि गावातल्या गावात मामी ती टीव्हीवर बघतात. "नोकरीत होते तेव्हा सोमवारी यांची ड्यूटी असायची," मामी म्हणायच्या, "निवृत्त झाले तर म्हणे चिखल आहे. चिखलाला पेन्शन कधी मिळणार कुणास ठाऊक!" मामा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. गर्दी, ओल्या पायऱ्या, लोंबणाऱ्या तारा, उघडी गटारं. त्यांच्या सगळ्या शत्रूंनी जणू त्या एका रस्त्यावर अधिवेशन भरवलेलं.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. मामींना काचबिंदू आहे. मामा घड्याळ लावून त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतात, त्यात कधी मिनिटाची चूक नाही. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की जी नजर गेली ती गेली, थेंबांनी उरलेली सांभाळायची. ही नजर कडेकडेनं जाते. समोरचं दिसतं, बाजूचं मिटत येतं. मामींना आताशा पायरीची कड दिसत नसे, ताटाबाहेरची वाटी सापडत नसे. हसण्यावारी न्यायच्या, पण माझ्या बायकोला त्यांनी एकदा हळूच म्हटलं, "पुढच्या सावनपर्यंत काय दिसेल, काय नाही."

बायकोनं ते मला सांगितलं, आणि मी माझी अक्कल चालवली. तसं करायला नको होतं, पण चालवली. एका सोमवारी दुपारी मामांकडे जाऊन म्हणालो, "मामींना जरा टावर चौकात चष्म्याच्या दुकानात नेऊन आणतो." मामांनी मान हलवली. मामी जरीच्या काठाची साडी नेसून बाहेर आल्या, हातात फुलांची पुडी. मामा त्या पुडीकडे बघत राहिले. म्हणाले, "चष्मेवाला फुलं घेतो वाटतं हल्ली?"

मी पहिली चूक सावरायला दुसरी केली. "मामा, तसा आपला श्रावण अजून लागलेला नाही, त्यामुळे तुमचा गर्दीचा नियम..."

"चिखल मराठी आहे का हिंदी?" मामांनी विचारलं.

मामी दारातच उभ्या होत्या. रोज टोमणे मारणारी बाई, पण त्या दिवशी आवाज चढला नाही. "अहो, मी भांडत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे. पडेन, झडेन, सगळं खरं. पण समोरचं दिसतंय ना, तोवर एकदा बघू द्या. नंतर मी घरातच बसून जाईन, जन्मभर." आणि फुलांची पुडी टीव्हीवर ठेवून आत निघून गेल्या. जाताना खांदा दाराच्या चौकटीला लागला. ती त्यांना दिसली नव्हती.

मामांनी जाऊन त्या चौकटीच्या कडेवरून हात फिरवला. मग मला म्हणाले, "तुम्ही घरी जा."

दुसऱ्या दिवसापासून मामा गल्लीतून गायब होऊ लागले. सकाळी छत्री घेऊन निघायचे, दुपारी गुडघ्यापर्यंत चिखल लेवून परत यायचे. कुणाचे कूलर बघितले नाहीत की कुणाचे पाय. आंटी मला म्हणाल्या, "भाईसाब की तबीयत तो ठीक है ना? आज मेरेको टोका नहीं." खरा प्रकार पुढच्या सोमवारी मामा स्वतःच मामींना आणि मला घेऊन सवारीला निघाले तेव्हा कळला. मामा सवारीचा रस्ता पायी तपासत होते. कुठलं झाकण हलतं, कुठला खांब उघडा, कुठल्या वळणावर लोक रेटतात, सगळं. शेवटी त्यांनी गोपाळ मंदिराकडच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानापुढचा उंच ओटा, आमच्याकडचा ओटला, पसंत केला होता. आम्ही पोचलो तेव्हा दुकानदार हळूच मला म्हणाला, "ये बाबूजी रोज आके मेरा ओटला नाप रहे हैं. खरीदना है क्या?"

तिथवर जाणं हीसुद्धा एक यात्राच होती. मामींच्या पायात पट्ट्याच्या, रबरी तळाच्या चपला. साडी घोट्याच्या वर खोचलेली. छत्री नाही, कारण गर्दीत छत्रीची काडी डोळ्यात जाते. खांद्याला उकळलेल्या पाण्याचा थर्मास. मामींचा हात मामांच्या हातात, आणि सगळ्यांच्या पुढे मी.

"मी पुढे का, मामा?"

"खड्डा आला की आम्हाला कळेल."

"कसं कळणार?"

"तुम्ही दिसेनासे व्हाल."

आणि झालंही तसंच. ओटला समोर दिसायला लागल्यावर मी विजयी मुद्रेनं मागे वळून "आलो!" म्हणालो, आणि पुढचं पाऊल दुकानाच्या कडेच्या उघड्या नालीत टाकलं. एक पाय मांडीपर्यंत आत, दुसरा बाहेर, चपलेनं तर कायमचा निरोप घेतला. मामांनी मामींना सावकाश माझ्या बाजूनं वळवून ओटल्यावर चढवलं आणि मला म्हणाले, "तिथेच थांबा. म्हणजे दुसरं कुणी पडणार नाही." त्यांनी हे थट्टेनं म्हटलं नव्हतं.

मग गर्दी वाढली. डमरू, झांजा, पोलिसांचा बँड, आणि वरून बारीक पाऊस. मामी ओटल्याच्या कडेला समोर तोंड करून उभ्या. पालखी जवळ येत असल्याचं कळताच मागच्या बोळातून माणसांचा लोंढा ओटल्यावर चढायला लागला. प्रत्येकाला पुढे यायचं होतं. मामींच्या पुढे ओटल्याची कमरेइतकी उंची, आणि ती कड त्यांना दिसत नव्हती. एक धक्का पुरला असता. मी नालीतून ओरडलो, पण माझा आवाज कुठे जाणार त्या गजरात!

मामांनी पाठ फिरवली. मामींच्या पाठीला आपली पाठ टेकवून ते बोळाच्या बाजूला तोंड करून उभे राहिले, आणि दोन्ही हात पसरून दुकानाच्या ओटल्यावरचे दोन लाकडी खांब घट्ट धरले. लोक येऊन त्यांच्या छातीवर आदळत होते. "अरे बाबा, हटो ना! दर्शन करने दो!" कुणीतरी खेकसलं. मामा दात न उघडता म्हणाले, "आप भी करो बेटा. बस इसके पीछे से करो." शिट्टी दातांत धरलेली होती, पण वाजवली नाही. मागून शिट्टी वाजली असती तर मामी दचकल्या असत्या.

पालखी आली. फुलांतून चांदीचा मुखवटा दिसला न दिसला, तेवढ्यात पालखी वाहणारे कहार पावसात झपझप पुढे निघूनही गेले. मामींनी हात जोडलेले होते, चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं. "दिसलं का हो?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "हो, हो, दिसलं," मामा म्हणाले, समोरच्या अनोळखी माणसाचा खांदा छातीनं थोपवत. त्या सगळ्या बाजारात नालीत उभा असलेला मी एकटाच असा होतो, की ज्याला ती दोघंही दिसत होती.

घरी आल्यावर मामांनी सगळ्यांचे पाय तपासले, माझ्या सोललेल्या नडगीला औषध लावलं, आणि त्या नालीच्या पाण्याखातर डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शन द्यायला लावलं. मामी मात्र वेगळ्याच तंद्रीत होत्या. "अहो, मुखवट्यावर फुलं कोणत्या रंगाची होती सांगा बरं?" मामा क्षणभर अडखळले. "लाल." मामी हसल्या. "पांढरी होती. नाही ना पाहिलंत?" मामा थर्मास धुवायला घेत म्हणाले, "कुणीतरी मागे बघायला नको?"

आता मामींच्या नजरेची चौकट आणखी आवळली आहे. संध्याकाळी थेंब घालून झाले की डोळे मिटून पडायचं असतं. मामा शेजारी बसतात, आणि मामी त्यांना सवारी सांगतात. डोळे धड असलेल्या माणसाला, डोळे मिटून. परवा मी गेलो तेव्हा तेच चाललं होतं. "...आणि मग पालखी थांबली हो. अगदी आपल्या समोर."

"किती वेळ?" मामांनी विचारलं.

"बराच वेळ. मी पोटभर बघून घेतलं."

पालखी थांबली नव्हती. माझ्या पुढ्यातूनच गेली होती, मला चांगलं ठाऊक आहे. आणि दुसऱ्याचं चुकलं की ते सुधारल्याशिवाय माझ्या जिभेला चैन पडत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मी एवढ्या वर्षांत प्रथमच एखाद्या गोष्टीची विनंती पाहिली.

"हो मामा," मी म्हणालो, "बराच वेळ थांबली होती."